जुनी शिक्षा कलम १३ मध्ये केव्हा मोजली जाते, आणि ती सिद्ध करायला काय लागतं

तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रश्न असा आहे: "माझ्या आशिलावर डिसेंबर २०२४ मधल्या रात्रीच्या घरफोडीचा खटला आहे, भारतीय न्याय संहितेची कलमं ३०५ आणि ३३१(४). दोषारोपपत्राला पोलिसांनी पूर्वेतिहासाचा तक्ता जोडलाय, त्यात सात नोंदी. एका नोंदीपुढे लिहिलंय, 'भादंवि ३८०, सन २०१७, शिक्षा'. त्यावरून सरकारी वकिलांनी न्याय संहितेचं कलम १३, म्हणजे आधी दोषी ठरलेल्याला वाढीव शिक्षा देणारं कलम, लावायचा अर्ज दिलाय. आशील सांगतो की तेव्हा तीनच महिने शिक्षा झाली होती, तीही गुन्हा कबूल करून. एवढ्याशा शिक्षेला गंभीर पूर्वशिक्षा म्हणता येईल का? आणि सरकार पक्षाला ती सिद्ध कशी करावी लागेल?"

मी अठरा वर्षं सहायक सरकारी वकील होतो आणि आता बचावाचं काम करतो. हा अर्ज मी दोन्ही बाजूंनी लढवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'गंभीर' हा शब्द आधी बाजूला ठेवा. कलम १३ मध्ये तो कुठेही नाही. जुन्या दंड संहितेच्या, म्हणजे भादंविच्या, कलम ७५ मध्येही नव्हता. कायदा बघतो तो गुन्हा कोणत्या प्रकरणातला, त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा सांगितलेली, आणि दोषसिद्धी कधीची. जुनी दोषसिद्धी भारतातल्या न्यायालयाची हवी, ती न्याय संहितेच्या प्रकरण १० किंवा १७ खालच्या गुन्ह्याची हवी, आणि त्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद सांगितलेली हवी. नंतरचा गुन्हाही त्याच दोन प्रकरणांतला आणि तेवढ्याच शिक्षेचा हवा. प्रकरण १० नाणी, नोटा आणि सरकारी मुद्रांकांचं. प्रकरण १७ मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांचं. जुन्या कलम ७५ मध्ये प्रकरणं १२ आणि १७ होती. हे सगळं जुळलं तर न्यायालय जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देऊ शकतं.

ही मोजपट्टी लावली की सामान्य माणसाला चकित करणारे निकाल येतात. खुनाची शिक्षा भोगून आलेल्या माणसाने चोरी केली तर कलम १३ लागत नाही, कारण खून त्या दोन प्रकरणांत बसत नाही. आणि एखाद्याला पंधरा वर्षांपूर्वी सायकल चोरल्याबद्दल पंधरा दिवस कैद झाली असेल, तर ती दोषसिद्धी मोजली जाते. कारण भादंवि ३७९ ला कमाल शिक्षा तीन वर्षं होती आणि कायदा 'तीन वर्षं किंवा अधिक' म्हणतो. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, हा मुद्दा इथे गौण आहे. गुन्हा किती शिक्षेस पात्र होता तेवढंच पाहिलं जातं. तुमच्या आशिलाची जुनी दोषसिद्धी कलम ३८० ची, म्हणजे घरातल्या चोरीची, कमाल सात वर्षांची. त्यामुळे 'फक्त तीन महिने झाले होते' हा युक्तिवाद इथे चालणार नाही. तो शिक्षेवरच्या सुनावणीसाठी राखून ठेवा, तिथे त्याला वजन आहे.

उलट बाजूनेही तपासा. भादंवि ४०३ खाली मालमत्तेचा अपहार केल्याची दोषसिद्धी दोन वर्षांची, ती मोजायची नाही. ४४७ चा अतिक्रमणाचा गुन्हा तीन महिन्यांचा, तोही नाही. ४२७, म्हणजे मालमत्तेचं नुकसान, दोन वर्षांचं, नाही. कलम ५११ ला जोडून चोरीच्या प्रयत्नाची शिक्षा झाली असेल, तर ५११ प्रकरण १७ मध्ये नव्हतं. न्याय संहितेतही प्रयत्नाचं कलम ६२ वेगळ्या प्रकरणात आहे. इथे बचावाचा मुद्दा सरळ शब्दांवर उभा राहतो. आणि एक नवा सापळा पाहून ठेवा. साध्या फसवणुकीला भादंवि ४१७ मध्ये एकच वर्ष होतं, आता न्याय संहितेच्या ३१८(२) मध्ये तीन वर्षं आहेत. सरकार पक्ष नवं पुस्तक उघडून जुनी ४१७ ची दोषसिद्धी तीन वर्षांत बसवू पाहील. ती दोषसिद्धी झाली त्या दिवशी गुन्हा एका वर्षाचाच होता, हे ठणकावून सांगा.

आता तारखा. कलम १३ ची रचना अशी आहे की आधी माणूस दोषी ठरलेला असावा आणि त्यानंतर त्याने नवा गुन्हा केलेला असावा. म्हणजे नव्या *घटनेची* तारीख जुन्या *निकालाच्या* तारखेनंतरची हवी. पोलीस तक्त्यात बहुतेक वेळा फक्त गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल असतं. 'सन २०१७' म्हणजे गुन्हा दाखल झाल्याचं साल. निकाल २०१९ चा असेल, २०२३ चा असेल, किंवा जानेवारी २०२५ चाही असू शकतो. निकाल जानेवारी २०२५ चा असला, तर डिसेंबर २०२४ च्या घटनेपुरतं कलम १३ संपलं. म्हणून पहिलं काम हे करा की निकालाची तारीख पोलिसांच्या तक्त्यावरून न घेता कोर्टाच्या रेकॉर्डवरून घ्या.

सगळ्याच कायद्यांची शब्दरचना अशी नाही, आणि हा फरक किती जड ठरू शकतो ते मुंबईने पाहिलंय. शक्ती मिलच्या आवारात जुलै आणि ऑगस्ट २०१३ मध्ये दोन सामूहिक बलात्कार झाले. दोन्ही खटल्यांचा निकाल मार्च २०१४ मध्ये एकाच वेळी आला. एका खटल्यात दोषसिद्धी झाल्यावर सरकार पक्षाने दुसऱ्या खटल्यात भादंवि ३७६-ई चा, म्हणजे बलात्कारात पुन्हा दोषी ठरल्याचा, वाढीव दोषारोप ठेवायला सांगितलं, तो ठेवला गेला आणि ४ एप्रिल २०१४ रोजी तिघांना फाशी सुनावली गेली. ३७६-ई ची भाषा 'आधी दोषी ठरलेला आणि नंतर दोषी ठरलेला' अशी होती, तिच्यात 'नंतर गुन्हा केला' असे शब्द नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये कलमाची घटनात्मक वैधता कायम ठेवली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीच्या जागी मरेपर्यंतची जन्मठेप दिली. तेच कलम आता न्याय संहितेचं ७१ आहे. 'गुन्हा करील' आणि 'दोषी ठरेल' या दोन क्रियापदांमधलं अंतर केवढं असतं, हे त्या खटल्याने शिकवलं. वाढीव शिक्षेचं कोणतंही कलम हातात आलं की आधी क्रियापद वाचा, ही सवय मला तेव्हापासून लागली.

आता सिद्ध कसं करायचं. तुमचं खरं काम इथे आहे, आणि सरकार पक्ष सगळ्यात जास्त ढिला पडतो तोही इथेच.

पहिली पायरी दोषारोप. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम २३४(७) सांगतं की पूर्वीच्या दोषसिद्धीमुळे शिक्षा वाढवायची असेल तर त्या दोषसिद्धीची वस्तुस्थिती, तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावं लागतं. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्याआधी केव्हाही न्यायालय ते घालू शकतं, त्यामुळे 'आधी का नाही लिहिलं' या हरकतीवर फार जोर देऊ नका. पण 'आरोपी सराईत असून त्यास यापूर्वी शिक्षा झालेली आहे' असं एक वाक्य म्हणजे दोषारोप नव्हे. कोणतं न्यायालय, कोणता खटला क्रमांक, कोणती तारीख, कोणतं कलम, हे सगळं पाहिजे.

दुसरी पायरी वेळेची. सत्र खटल्यात कलम २५९ आणि दंडाधिकाऱ्यांपुढच्या वॉरंट खटल्यात २७१(३) एकच नियम घालतात: नव्या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत जुन्या दोषसिद्धीचा दोषारोप वाचून दाखवायचा नाही, त्यावर आरोपीला विचारायचं नाही, आणि सरकार पक्षाने पुराव्यात तिचा उल्लेखही करायचा नाही. आरोपी दोषी ठरला आणि त्याने जुनी दोषसिद्धी नाकारली, की मग तिच्यावर पुरावा घ्यायचा आणि स्वतंत्र निष्कर्ष नोंदवायचा. यामागचं कारण उघड आहे. हा माणूस आधी चोरीत सापडला होता, हे एकदा कानावर पडलं की या वेळच्या साक्षीदाराची अडखळती ओळख परेडसुद्धा पटायला लागते. तपासी अंमलदार सरतपासातच 'आरोपी रेकॉर्डवरील गुन्हेगार आहे' असं बोलून टाकतो. तो असं बोलला की त्याच क्षणी उठा, हरकत घ्या आणि ती साक्षीत नोंदवून घ्या. नंतर घेतलेल्या हरकतीचा उपयोग फार थोडा.

तिसरी पायरी कागदाची. हे कलम ३३४, जुन्या प्रक्रिया संहितेचं २९८. जुनी दोषसिद्धी दाखवायला एक तर ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथल्या अभिलेख सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला शिक्षेचा किंवा आदेशाचा उतारा लागतो. नाहीतर ज्या कारागृहात ती शिक्षा पूर्ण किंवा अंशतः भोगली तिथल्या प्रभारी अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला, किंवा ज्या वॉरंटवर शिक्षा भोगली ते वॉरंट. कायद्यात सांगितलेले इतर मार्गही खुले आहेत. पण यापैकी काहीही आणलं तरी त्या कलमाचा शेवटचा भाग सुटत नाही: कागदात दोषी ठरलेला माणूस आणि पिंजऱ्यात उभा असलेला माणूस एकच आहे, याचा पुरावा सोबत द्यावाच लागतो.

पोलीस ठाण्याचा पूर्वेतिहास तक्ता या यादीत कुठेच नाही. संगणकावरून काढलेली गुन्ह्यांची यादीही नाही. ठाणे अंमलदाराने 'शिक्षा' असा शब्द लिहिला म्हणून शिक्षा सिद्ध होत नाही. तुमच्या प्रकरणात सध्या तरी एवढाच कागद दिसतोय, म्हणून आजच्या घडीला सरकार पक्षाच्या हातात काही नाही. पण नक्कल मागवायला त्यांना एक अर्ज पुरतो, तेव्हा निर्धास्त राहू नका.

तुमच्या आशिलाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. तीन महिने कच्च्या कैदेत, म्हणजे खटला संपण्याआधीच्या कोठडीत, काढले, गुन्हा कबूल केला, न्यायालयाने तीन महिने शिक्षा देऊन कच्ची कैद वजा केली आणि तो त्याच दिवशी सुटला, असं झालं असेल. तसं असेल तर शिक्षा भोगायला पाठवल्याचं वॉरंट मुळात निघालंच नसेल. कारागृहाच्या नोंदीत तो न्यायाधीन बंदी म्हणूनच दिसेल. मग कारागृहाचा दाखला आणून 'शिक्षा भोगली' असं म्हणणं कच्चं ठरतं, आणि सरकार पक्षाला कोर्टाच्या प्रमाणित उताऱ्यावरच यावं लागतं. जुनी फौजदारी प्रकरणं ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. निकालपत्र नसेल आणि नोंदवहीतली एक ओळच उरली असेल, तर त्या ओळीत कलम, शिक्षा आणि नाव स्पष्ट आहे का, ते स्वतः जाऊन पाहा.

ओळखीच्या पुराव्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. मी सरकार पक्षात होतो तेव्हाची गोष्ट. चोरीचा खटला, आरोपी पारधी समाजातला, दोषी ठरला. जुन्या शिक्षेसाठी माझ्याकडे कारागृहाचा दाखला होता: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं जुळणारं. पुरावा म्हणून त्यावर निशाणी पडावी यासाठी मी तो पुढे केला. न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, 'ही शिक्षा तुला झाली होती का?' तो म्हणाला, 'हो साहेब.' एव्हाना माझं काम झालं होतं. पण दाखल्यात खाली ओळखीच्या खुणांचा रकाना असतो, तो सहज वाचला: उजव्या भुवईवर जुनी जखम, डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं. मी मान वर करून पाहिलं. आरोपीने दोन्ही हातांनी पिंजऱ्याची कड धरली होती, दहाही बोटं पूर्ण होती. त्याला पुन्हा नीट विचारलं तेव्हा कळलं की तो कधीतरी दुसऱ्याच एका प्रकरणात त्या तुरुंगात राहिला होता, आणि 'तू तिथे होतास का' एवढंच त्याला कळलं होतं. दाखला त्याच्या एका चुलतभावाचा निघाला. मी तो मागे घेतला. त्याचा होकार तेवढा धरून पुढे गेलो असतो तर एक माणूस दुसऱ्याच्या शिक्षेपायी जास्तीची वर्षं आत राहिला असता, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

ज्या समाजांवर गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो कायदा गेल्यावरही पोलिसांच्या वह्यांमधून तो पुरता पुसला गेला नाही, त्यांच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो. पवार, काळे, भोसले, शिंदे ही आडनावं एकेका तांड्यावर दहा-दहा घरांत असतात, वडिलांची नावंही तीच ती. वय अंदाजाने लिहिलेलं, पत्ता 'पालावर'. अशा माणसाची ओळख नावावरून ठरवू देऊ नका. अंगुलिमुद्रा मागा. जुन्या दोषसिद्धीच्या वेळी बोटांचे ठसे घेतले असतील तर पुण्यातल्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या अंगुलिमुद्रा केंद्राकडून तुलना होऊ शकते, आणि तज्ज्ञाची साक्ष होते. ज्या अंमलदाराने तेव्हा अटक केली तो येऊन 'हाच तो' म्हणू शकतो, पण त्याने आठ वर्षांपूर्वी किती माणसं पकडली होती हे उलटतपासात जरूर विचारा.

कबुलीबद्दल दोन गोष्टी सांगतो. सरकार पक्ष कागदांची यादी देतो आणि बचावाने त्यांचा खरेपणा मान्य आहे की नाही हे लिहून द्यायचं असतं. हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३०, जुनं २९४. घाईत सगळ्या यादीवर 'मान्य' लिहून सही करणारे वकील मी रोज पाहतो. कारागृहाचा दाखला त्या यादीत असेल तर निदान असं लिहा: 'कागदाचा खरेपणा मान्य, त्यातील इसम आरोपीच असल्याचे अमान्य.' दुसरी गोष्ट आशिलाशी बोलण्याची. दोषी ठरल्यानंतर न्यायालय त्याला जुन्या शिक्षेबद्दल विचारेल, आणि त्याने 'हो' म्हटलं की पुरावा घ्यायची गरजच राहत नाही. खोटं बोलायला सांगू नका. प्रश्न काय आहे, कोणत्या खटल्याबद्दल आहे, ते त्याच्या भाषेत आधी समजावून सांगा, आणि आठवत नसेल तर 'मला आठवत नाही, कागद दाखवा' असं म्हणायचा त्याला हक्क आहे, हेही सांगा.

तक्त्यातल्या उरलेल्या सहा नोंदींचं काय? 'न्यायप्रविष्ट' म्हणजे दोषसिद्धी नाही. 'निर्दोष' म्हणजे नाहीच नाही. तडीपारी, चांगल्या वर्तणुकीचा बाँड, प्रतिबंधक कारवाई, यातलं काहीही दोषसिद्धी नव्हे. संघटित गुन्हेगारीच्या कायद्यांत, मग तो मकोका असो की न्याय संहितेचं कलम १११, दहा वर्षांतली एकाहून अधिक दोषारोपपत्रं पाहिली जातात. तो हिशेब वेगळा आहे, तो इकडे आणू देऊ नका. अल्पवयात बाल न्याय मंडळापुढे झालेलं प्रकरण असेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ वाचून दाखवा. सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवलेल्या प्रकरणाचा अपवाद सोडला तर ते पूर्वायुष्य त्याच्या आड येऊ नये अशी त्याची रचना आहे. प्रोबेशनचं, म्हणजे दोषी ठरवूनही शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडल्याचं, मात्र जपून. १९५८ च्या कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता काढतं, दोषसिद्धी पुसत नाही. तो युक्तिवाद जरूर करा, पण त्या एकावर विसंबू नका.

अपिलाची चौकशी करायला विसरू नका. वरच्या न्यायालयाने जुनी दोषसिद्धी रद्द केली असेल तर विषयच संपला. अपील प्रलंबित असून फक्त शिक्षा स्थगित असेल, तर दोषसिद्धी उभीच असते. दोषसिद्धीलाच स्वतंत्र स्थगिती मिळाली असेल तर गोष्ट वेगळी. सरकार पक्ष प्रमाणित उतारा आणतो, त्यावर अपिलाचं काय झालं ते कधीच लिहिलेलं नसतं. जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आरोपीच्या नावाने शोधायला दहा मिनिटं लागतात.

आता तुमच्या प्रकरणातला सगळ्यात ताजा मुद्दा. जुनी दोषसिद्धी भादंविची आहे आणि कलम १३ म्हणतं, '*या संहितेच्या* प्रकरण १० किंवा १७ खाली शिक्षापात्र गुन्हा'. २०१७ च्या प्रकरणात तो दोषी ठरला तो दुसऱ्या संहितेखाली. शिक्षा वाढवणारं कलम काटेकोर वाचायचं, हा जुना नियम तुमच्या बाजूने आहे. सरकार पक्ष निरसनाच्या कलम ३५८(३) वर येईल: जुन्या संहितेखाली केलेली गोष्ट किंवा कारवाई नव्या संहितेच्या तत्सम तरतुदीखाली केली असं मानायचं. त्यावर तुमचं उत्तर असं असू शकतं की ती तरतूद चालू कामकाज तुटू नये म्हणून आहे, आरोपीवर नवं ओझं टाकायला नाही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर ३५८(३) ची भाषा रुंद आहे आणि सरकार पक्षाचं म्हणणं कमजोर नाही. तरीही हा मुद्दा लेखी युक्तिवादात घाला आणि त्यावर निष्कर्ष मागा, म्हणजे वर जायची वेळ आली तर तो तुमच्या हातात राहील.

अधिकारक्षेत्रही पाहा. प्रथमवर्ग दंडाधिकारी तीन वर्षांच्या वर कैद देऊ शकत नाहीत, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांच्या वर नाही. म्हणून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६३ सांगतं की अशी पूर्वशिक्षा असलेल्या माणसाला, प्रथमदर्शनी आधार दिसला तर, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा सत्र न्यायालयाकडे पाठवावं. पण समोरचे दंडाधिकारी स्वतः पुरेशी शिक्षा देऊ शकतात असं त्यांचं मत असेल तर पाठवायची गरज नाही. तुमच्यासाठी हे दार महत्त्वाचं आहे. प्रकरण त्याच न्यायालयात राहिलं तर तीन वर्षांची मर्यादा राहते. सरकार पक्षाने मागणी केली की उत्तरात नेमकं याच पोटवाक्यावर बोला: गेलेला ऐवज किती, परत किती मिळाला, जुन्या आणि नव्या घटनेत किती वर्षं गेली, मधल्या काळात आशील कुठे कामाला होता.

कलम १३ ला किमान शिक्षा नाही, हेही न्यायालयाच्या लक्षात आणून द्या. ते 'देऊ शकेल' असं कलम आहे. ३३१(४) ला चोरीसाठीच्या रात्रीच्या घरफोडीला मुळातच चौदा वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे तुमच्या प्रकरणात कलम १३ ने खरी भर पडते ती फक्त जन्मठेपेच्या शक्यतेची. तीन महिन्यांच्या एका जुन्या शिक्षेवर एवढं कशासाठी, हा प्रश्न सरळ विचारा. साध्या चोरीत मात्र सावध राहायला हवं. कलम ३०३(२) मध्ये दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष सक्तमजुरी आणि कमाल पाच वर्षं आहेत, तिथे न्यायालयाचेही हात बांधलेले. आणि पाच हजार रुपयांच्या आतल्या चोरीत माल परत दिल्यावर मिळणारी सामुदायिक सेवेची सवलत फक्त पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला आहे.

अमली पदार्थांच्या खटल्यांत काम करत असाल तर एवढं लक्षात ठेवा: एनडीपीएस कायद्याचं कलम ३१ प्रयत्न, चिथावणी आणि कटाची दोषसिद्धीही मोजतं, परदेशी न्यायालयाचीही मोजतं, आणि कैद कमाल व किमान दोन्हीकडून दीडपट करतं. कलम १३ चे ठोकताळे तिथे लावू नका.

कलम १३ गळालं तरी सरकारी वकील शिक्षेच्या सुनावणीत तोच तक्ता पुन्हा फडकवतील: 'आरोपीवर सात गुन्हे आहेत.' महाराष्ट्रातून गेलेल्या एका फाशीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की निव्वळ प्रलंबित खटले आरोपीच्या विरोधात धरता येत नाहीत, कारण त्यांत तो अजून निर्दोषच मानला जातो. फाशीला जो नियम लागू, तो तीन वर्षांच्या कैदेला लागू नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

राहिली ती कबुली. 'कबूल कर, आज सुटशील' हे वाक्य कोर्टाच्या व्हरांड्यात किती सहज बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. जामीनदार मिळत नाही, घरी कमावणारा दुसरा नाही, तीन महिने झालेले असतात; माणूस कबूल करतो आणि संध्याकाळी एसटीने घरी जातो. त्या दिवशी त्याला कुणी सांगत नाही की कलम ३८० ची ही एक ओळ सात-आठ वर्षांनी जन्मठेपेच्या कलमात मोजली जाईल. कबुलीवरच्या दोषसिद्धीविरुद्ध अपीलही शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढ्यापुरतंच होतं, आणि आताच्या खटल्यात ती दोषसिद्धी चुकीची होती असं म्हणता येत नाही. पण २०१७ च्या प्रकरणातल्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढा. त्या दिवशी त्याच्याबरोबर वकील होता का, दोषारोप त्याला कोणत्या भाषेत समजावला, कबुली त्याच्या शब्दांत घेतली की छापील नमुन्यावर अंगठा, हे सगळं त्यात दिसेल. त्यात मूलभूत दोष दिसला तर फेरतपासणीचा अर्ज उशिरा का होईना वेगळा करता येतो. आणि दोष नाही दिसला, तरी शिक्षेच्या सुनावणीत ती पानं न्यायाधीशांच्या हातात द्या.

नकलेचा अर्ज उद्याच टाका. पुढच्या तारखेला ती हातात नसेल तर मुदत मागा, आणि मुदत का हवी ते रोजनाम्यात लिहून घ्या.